दगडापेक्षां वीट मऊ

तर्कशास्त्राचें पहिलें पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्यास पर्वतावरचा धूर दाखविण्याची आपल्याकडे फार जुनी वहिवाट आहे. धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि असलाच पाहिजे, हें अनुमान त्यास प्रथम शिकवितात. आणि पाठोपाठ हेंही बजावितात कीं, याच्या उलट अनुमान मात्र करूं नये. धूर दिसत नाहीं म्हणून अग्नि नाहीं, असें म्हणतां येत नाहीं. याचें उदाहरण म्हणून नैयायिक तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याकडे बोट दाखवितात. त्यांत धुराचा लेशही नसतो, पण त्यास हात लावण्यास कोणी धजत नाहीं. पोथींतील हा तापलेला गोळा जगांतील मोठमोठ्या तंबाखू-कारखानदारांनीं आज नव्या रूपानें खिशांत बाळगण्याजोगा करून ठेविला आहे. तंबाखू न जाळतां ती विजेनें तापवून तिचा आस्वाद देणारीं जीं यंत्रें गेल्या कांहीं वर्षांत निघालीं आहेत त्यांविषयीं, आणि त्यांच्या निमित्तानें उभ्या राहणाऱ्या एका जुन्या नैतिक प्रश्नाविषयीं, चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

'दगडापेक्षां वीट मऊ' अशी आपल्या भाषेंत एक म्हण आहे. ती शहाणपणाची आहे यांत शंका नाहीं. कारण संसारांत निवड करण्याचे प्रसंग बहुधा चांगलें व वाईट यांमध्यें येत नसून वाईट व कमी वाईट यांमध्यें येतात. परंतु या म्हणींतील खरी खुबी अशी कीं, वीट मऊ आहे असें ती म्हणतच नाहीं. वीट केवळ दगडापेक्षां मऊ आहे. हा 'पेक्षां' गळून पडला कीं म्हण खोटी ठरते. आणि कोणी विटेस उशी समजून तिच्यावर डोकें टेकूं लागला, तर त्याचा दोष म्हणीकडे जात नाहीं. कमी वाईट वस्तु ही चांगली वस्तु होय काय? ती घडविणारा मनुष्य स्तुतीस पात्र होतो कीं नाहीं? आणि ती लोकांच्या हातीं देतांना त्यानें कोणती जबाबदारी पत्करली पाहिजे? हे ते प्रश्न होत.

प्रथम वस्तूचें स्वरूप पाहूं. साधी सिगारेट ओढतांना तिच्या जळत्या टोंकाची उष्णता सुमारें 900 अंश सेल्सिअसपर्यंत चढते. या ज्वलनांतूनच डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि कर्करोगास कारण होणारीं अनेक द्रव्यें निर्माण होतात. निकोटीन मात्र ज्वलनानें उत्पन्न होत नाहीं. तें पानांत मुळचेंच असतें, आणि बरीच कमी उष्णता दिली तरी वाफेबरोबर बाहेर पडतें. मग जाळावयाचें कशाला, नुसतें तापवावें, ही या शोधामागची मूळ कल्पना. त्यासाठीं तंबाखूची पूड करून, तींत ग्लिसरीन मिसळून, तिचा पातळ पत्रा तयार करितात. तो चुण्या घालून गुंडाळितात व त्याची आंखूड कांडी बनवितात. कांडीच्या दुसऱ्या टोंकास वाफ निवविणारा भाग व गाळणी असते. ही कांडी फौंटनपेनासारख्या एका यंत्रांत खोंचावयाची. 'आयकॉस' नांवाच्या यंत्राच्या पहिल्या आवृत्तींत एक बारीक पातें कांडीच्या पोटांत शिरून तंबाखूस आंतून सुमारें 350 अंशांपर्यंत तापवीत असे. 'ग्लो' नांवाच्या दुसऱ्या यंत्राच्या मूळ रचनेंत कांडीभोंवतालची नळी तिला बाहेरून सुमारें 240 अंशांपर्यंत तापवी. उष्णतेनें मर्यादा ओलांडूं नये म्हणून एक लहानसें विद्युन्मंडल तिच्यावर सतत नजर ठेवितें. आयकॉसमध्यें 6 मिनिटें झालीं किंवा 14 झुरके घेऊन झाले, म्हणजे यंत्र आपण होऊन थांबतें. मग ती कांडी काढून टाकावयाची, आणि पुन्हा इच्छा झाली कीं दुसरी घालावयाची.

ही कल्पना आजकालची नव्हे. 1988 सालीं अमेरिकेंतील आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीनें 'प्रीमियर' नांवाची सिगारेट बाजारांत आणिली. तिच्या टोंकास कोळसा असे, व त्या कोळशाच्या उष्णतेनें आंतील द्रव्याची वाफ होई. ओढणाऱ्यांस ती रुचली नाहीं, आणि पुढल्याच वर्षीं कंपनीस ती मागें घ्यावी लागली. 1998 सालीं फिलिप मॉरिस कंपनीनें 'अकॉर्ड' नांवाचें विजेवर चालणारें यंत्र काढिलें. तेंही फारसें चाललें नाहीं. 2014 सालीं जपानांतील नागोया व इटलींतील मिलान या शहरीं आयकॉस विक्रीस निघालें. 2016 सालीं जपानांतल्याच सेंदाई शहरीं ग्लो आलें. आणि 2021 सालीं आयकॉसच्या नव्या आवृत्तींतून पातें नाहींसें होऊन, चुंबकीय प्रवर्तनानें तापणारी धातूची पट्टी खुद्द कांडींतच आली. या इतिहासांत एक गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे. प्रीमियर पडली ती अपायकारक ठरली म्हणून नव्हे. तिच्यापासून नेहमींचें समाधान मिळेना म्हणून पडली. बाजारानें पुढील सर्व रचनाकारांस जो धडा दिला तो असा कीं, अपाय कमी होवो वा न होवो, समाधान कमी होतां कामा नये.

आतां या यंत्रांच्या बाजूनें जें म्हणण्यासारखें आहे तें प्रामाणिकपणें मांडलें पाहिजे. तंबाखूमुळें जगांत दरवर्षीं 70 लाखांहून अधिक मनुष्यें मृत्युमुखीं पडतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. सोडून द्या, असा उपदेश करणें सोपें आहे. पण तीस-तीस वर्षें ज्याच्या हातांतून सिगारेट सुटली नाहीं, त्यास तो उपदेश पुरत नाहीं, हें कोणत्याही कुटुंबवत्सल मनुष्यास आपल्या नात्यागोत्यांत पाहून ठाऊक असतें. अशा मनुष्याच्या फुप्फुसांत पूर्वीपेक्षां कमी विषारी द्रव्यें जातील असें साधन निघालें असतां, 'सर्वस्वीं सोड, नाहीं तर मर' असें त्यास सांगणारा नीतिमान् म्हणावा कीं निष्ठुर म्हणावा? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें 2019 सालीं आयकॉसच्या विक्रीस परवानगी दिली. 2020 सालीं, सिगारेट पूर्णपणें सोडून या यंत्राकडे वळणाऱ्याच्या शरीरांत अपायकारक द्रव्यें कमी प्रमाणांत जातात, असें जाहिरातींत सांगण्याचीही मुभा दिली. जपानांत तर 2016 नंतर सिगारेटचा खप पूर्वीपेक्षां पुष्कळच वेगानें उतरला. हा पुरावा उडवून लावण्याजोगा नाहीं, आणि आम्ही तो उडवून लावीत नाहीं.

परंतु त्याच प्रशासनानें त्याच वर्षीं दुसरी एक मागणी नाकारली. या यंत्रामुळें रोगाचा धोका कमी होतो, असें सांगण्याची परवानगी त्यानें दिली नाहीं. शरीरांत जाणारें विष कमी होणें आणि त्या विषापासून होणारा रोग कमी होणें, या दोन गोष्टी सामान्य मनुष्य एकच समजतो. शास्त्र तसें समजत नाहीं. हृदयविकाराच्या बाबतींत थोडें धूम्रपानही त्याच्या प्रमाणाहून पुष्कळ अधिक अपाय करितें, हें आतां सर्वमान्य झालें आहे. शिवाय त्या परवानगींतील 'पूर्णपणें' हा शब्द वाचकांच्या नजरेंतून सुटूं नये. घरांत यंत्र आणि बाहेर सिगारेट, असा दुहेरी प्रपंच करणारे लोक थोडे नाहींत.

तुलनेच्या वाक्यास नेहमीं दोन पाय असतात, आणि जाहिरातींत त्यांपैकीं एकच दिसतो. 'कमी अपायकारक' असें म्हटलें म्हणजे 'कशापेक्षां?' आणि 'कोणास?' हे दोन प्रश्न विचारणें आपलें कर्तव्य आहे. तीन मनुष्यें डोळ्यांपुढें आणावीं. पहिला, ज्याला सिगारेट सोडणें खरोखरच साधलें नाहीं असा. त्याच्या दृष्टीनें तुलना सिगारेटशीं आहे, आणि त्यास वीट खरोखरच दगडापेक्षां मऊ आहे. दुसरा, जो सोडण्याच्या बेतांत होता असा. त्याची तुलना स्वच्छ हवेशीं आहे, आणि या यंत्रानें त्यास वाटेंतच अडवून ठेविलें. तिसरा, ज्यानें आजवर तंबाखूस हातच लावला नाहीं असा एखादा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. त्याच्यापुढें दगड कधीं नव्हताच, त्याच्या पदरीं केवळ वीट पडली. एकाच वस्तूनें पहिल्यास उपकार, दुसऱ्यास विघ्न आणि तिसऱ्यास अपकार घडतो. म्हणून ती चांगली कीं वाईट, हें केवळ तिच्या वाफेचें पृथक्करण करून ठरत नाहीं; ती कोणाच्या हातीं कशी पडते यावरही तें ठरतें.

तंबाखूच्या इतिहासांत 'शुद्धीकरणा'चा हा पहिलाच प्रयोग असता, तर आम्ही अधिक भोळेपणानें त्याचें स्वागत केलें असतें. हुक्क्यांत पाणी घातलें म्हणजे धूर निर्मळ होतो, ही समजूत आपल्या देशांत शतकानुशतकें चालत आली, आणि ती खोटी आहे. अमेरिकेंत 1952 सालीं 'केंट' नांवाची सिगारेट आरोग्यरक्षक गाळणीचा डांगोरा पिटून बाजारांत आली. त्या गाळणींत 1956 पर्यंत ॲस्बेस्टॉस वापरीत होते, व तें स्वतःच कर्करोगास कारण होणारें द्रव्य आहे. त्यानंतर 'लाइट' म्हणजे सौम्य सिगारेटींचें युग आलें. त्यांच्या गाळणीभोंवतीं सूक्ष्म छिद्रें असत. परीक्षा करणाऱ्या यंत्राच्या तोंडीं तीं उघडीं राहात आणि डांबराचा आंकडा कमी येई. मनुष्याच्या ओठांत व बोटांत तीं झांकलीं जात, आणि निकोटीनची भूक भागविण्यासाठीं तो अधिक खोल झुरके घेई. कंपन्यांनीं या बाबतींत लोकांस फसविलें, असा निर्णय अमेरिकेच्या न्यायालयानें 2006 सालीं दिला, व 2010 पासून तेथें तो शब्द पाकिटावर छापण्यास बंदी झाली. आमच्या घरांतील उदाहरण हवें असेल तर मशेरीचें घ्यावें. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू दातांस लावणाऱ्या बायकांच्या तोंडांतून धूर निघत नाहीं. पण त्यांच्या तोंडास व पोटच्या गर्भास ती अपाय केल्यावांचून राहात नाहीं.

येथवर अपायाचा विचार झाला. परंतु आमच्या मतें या यंत्राची नैतिक परीक्षा त्याच्या वाफेंत नसून त्याच्या कांडींत आहे. एकदां यंत्र घ्यावयाचें आणि जन्मभर त्याच्या कांड्या घेत राहावयाचें, ही व्यापाराची युक्ति नवी नाहीं. गिलेट यांच्या वस्तऱ्यापासून आणि त्याच्या बदलावयाच्या पात्यांपासून ती सर्वांस परिचित आहे. परंतु वस्तऱ्याच्या पात्याची गरज दाढीच्या वाढीनें उत्पन्न होते; पातें स्वतः दाढी वाढवीत नाहीं. येथें मात्र प्रत्येक कांडी पुढच्या कांडीची गरज स्वतःच उत्पन्न करिते. पूर्वीच्या ओढणाऱ्यास कोणत्याही दुकानांतील कोणतीही सिगारेट चाले. आतां धातूची पट्टी असलेल्या कांडीवांचून नवें यंत्र तापतच नाहीं. म्हणजे द्रव्याच्या दास्यावर यंत्राचें दास्य चढलें.

याहूनही विचार करण्यासारखी एक गोष्ट आहे. हें यंत्र मोजतें. मिनिटें मोजतें, झुरके मोजतें, उष्णतेचा अंश न् अंश मोजतें. ज्यास मोजतां येतें त्यास कमी करतां येतें. आज 14 झुरके, पुढील महिन्यांत 13, त्यापुढें 12, असा उतरता क्रम लावून ओढणाऱ्यास हलकेंच व्यसनाबाहेर आणून सोडणें, हें ज्या बुद्धीनें चुंबकानें तापणारी पट्टी शोधून काढिली तिच्या आवांक्याबाहेरचें नव्हतें. पण त्या मोजणीचा उपयोग कांडी वेळेवर संपविण्याकडे झाला. संवय संपविण्याकडे झाला नाहीं. वैद्य कुबडी देतो तेव्हां ती टाकून देण्याचा दिवस त्याच्या मनांत असतो. जी कुबडी घेतल्यावर पाय कधींच बरा होऊं नये अशी व्यवस्था असते, तिला कुबडी न म्हणतां बेडी म्हणणें प्राप्त आहे. मग ती कितीही हलकी, गुळगुळीत व सुबक असो.

रचनाकारांचे हेतु वाईटच असतात असें आमचें म्हणणें नाहीं. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत जेम्स मॉन्सीस व ॲडम बोवेन या दोन विद्यार्थ्यांनीं 2005 सालीं आपल्या पदवीच्या प्रबंधासाठीं हाच विषय घेतला. ते स्वतः सिगारेट ओढीत, आणि आपणांस व आपल्यासारख्यांस सिगारेटचा जाच नको, असें त्यांस वाटे. त्यांतून 'प्लूम' नांवाचें, तंबाखूच्या लहान कुप्या तापविणारें यंत्र निघालें. आणि पुढें त्यांच्याच कंपनीनें 2015 सालीं 'जूल' हें निकोटीनच्या द्रवाच्या कुप्यांचें यंत्र विक्रीस काढिलें. तीनच वर्षांत, 2018 सालीं, अमेरिकेंतील माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांतील 20.8 टक्के मुलें विजेच्या सिगारेटी ओढीत असल्याचें सरकारी पाहणींत आढळलें, व तेथील सर्जन जनरलनीं ही सांथ असल्याचें जाहीर केलें. यांतील बोध स्पष्ट आहे. सोय ही कोणाचें वय विचारीत नाहीं. प्रौढ धूम्रपान करणाऱ्याचा जाच कमी व्हावा म्हणून धूर काढिला, वास काढिला, राख काढिली. पण तो जाच हाच लहान मुलांच्या वाटेवरचा कांट्यांचा कुंपणा होता. वडिलांस मुलाच्या सदऱ्याचा वास येई, आईस खिशांत राख सांपडे, आणि घरांत एकदां तरी त्या गोष्टीचा उच्चार होई. धूर हा फुप्फुसाचा शत्रु खरा. परंतु तो घराचा पहारेकरीही होता. पहारेकऱ्यास रजा देण्यापूर्वीं त्याच्या जागीं कोण उभें राहणार, हें पाहिलें गेलें नाहीं.

यावर व्यक्तिस्वातंत्र्याचा आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. आपल्या देहाचें काय करावयाचें हें ज्याचें त्यानें ठरवावें, हें तत्त्व मिल्लनें 1859 सालीं मांडिलें, व आमची पिढी त्याच ग्रंथावर वाढली. पण मिल्लनें त्याच ग्रंथांत असेंही म्हटलें आहे कीं, विषाच्या बाटलीवर धोक्याचा शब्द लिहिण्याची सक्ति करणें म्हणजे स्वातंत्र्यभंग नव्हे. आणि स्वतःस गुलाम म्हणून विकण्याचें स्वातंत्र्य हें स्वातंत्र्याच्या तत्त्वांत बसत नाहीं, कारण त्यानें पुढील सर्व स्वातंत्र्याचा लोप होतो. व्यसन म्हणजे संपूर्ण गुलामगिरी नव्हे, हें आम्ही जाणतों. तथापि जी वस्तु पहिल्या दिवशींच्या इच्छेनें पुढील हजारों दिवसांच्या इच्छा गहाण ठेविते, तिला इतर आवडीनिवडींच्या ओळींत बसवितां येत नाहीं. अशा वस्तूच्या बाबतींत निदान एवढें तरी मागतां येतें कीं, गहाणखतावर सही करणाऱ्यास तें गहाणखत आहे हें ठाऊक असावें.

आपल्या देशानें 2019 सालीं कायदा करून विजेच्या सिगारेटींबरोबर हीं तापतीं यंत्रेंही निषिद्ध ठरविलीं. त्यांचें उत्पादन, आयात, विक्री, सांठा व जाहिरात हीं सर्व गुन्हा होत. यावर टीकाकार विचारतात कीं, जळणारी विडी व सिगारेट कोपऱ्यावरच्या टपरींत उघड विकावी आणि न जळणारी कांडी मात्र गुन्हा व्हावी, हा कोठला न्याय? या प्रश्नांत तथ्य आहे. परंतु घरांत आधींच शिरलेला साप निघत नाहीं, म्हणून दुसऱ्यास दार उघडून द्यावें, असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. शिवाय 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणें आपल्याकडील प्रौढांपैकीं 21.4 टक्के लोक तंबाखू चघळून किंवा लावून घेतात, आणि ओढणारे 10.7 टक्के आहेत. आणि त्यांतही विडी ओढणाऱ्या मजुरास या महाग यंत्राचा लाभ होण्याची आशा नाहीं. म्हणजे पहिल्या मनुष्यास उपकार व्हावा तो आपल्याकडे फार थोड्यांस होणार, आणि अपकार मात्र सुशिक्षित घरांतील मुलांस होणार. तरीही बंदी करून शासनाचें व समाजाचें कर्तव्य संपलें असें मानणें हा आत्मवंचनेचा प्रकार होय. दार बंद केलें म्हणजे घरांतील साप निघून जात नाहीं. ज्यास सोडावयाचें आहे त्यास वैद्याची मदत, औषध व धीर मिळाला नाहीं, तर या निषेधास नीतीचें नांव शोभणार नाहीं. तो केवळ नव्या दुकानदाराविरुद्ध जुन्या दुकानदारास दिलेला मक्ता ठरेल.

तेव्हां मूळ प्रश्नाचें उत्तर काय? कमी वाईट वस्तु निवडणाऱ्यास आम्ही दोष देत नाहीं. ज्याच्या डोक्यावर दगड आहे त्यानें वीट मागितली तर ती नाकारणें हें माणुसकीस सोडून आहे. परंतु निवडणाऱ्याची नीति आणि घडविणाऱ्याची नीति या दोन वेगळ्या आहेत. निवडणारा जें पुढें आहे त्यांतून निवडतो. पुढें काय ठेवावयाचें हें घडविणारा ठरवितो, आणि म्हणून 'याहून वाईट होतेंच कीं' हें समर्थन पहिल्यास शोभतें, दुसऱ्यास शोभत नाहीं. गीतेच्या अठराव्या अध्यायांत सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत, व ते सांगतांना केवळ आरंभाची गोडी न पाहतां परिणामही पाहिला आहे. यंत्रासही हीच कसोटी लावावी. तें हातीं घेतांना किती सुखावह आहे हें न पाहतां, तें हातांतून सुटावें अशी योजना त्यांत आहे कीं नाहीं, हें पाहावें. ज्या साधनाच्या रचनेंत स्वतःच्या शेवटाची तरतूद आहे, तें कमी वाईट असूनही चांगल्याच्या वाटेवर आहे. ज्यांत ती नाहीं, तें कितीही निर्धूम असो, आगींतून फुफाट्यांत नेणारेंच होय.

तात्पुरती म्हणून पुढें केलेली वीट किती काळ पायांखालीं राहते, हें महाराष्ट्रास सांगावयास नको. पुंडलिकानें फेंकलेल्या विटेवर पंढरीचा राणा अट्ठावीस युगें उभा आहे. तेथें प्रेमानें उभें केलें, म्हणून त्या विटेचें तीर्थ झालें. आमच्या मुलाबाळांस जी वीट आज पुढें केली जात आहे, ती फेंकणाऱ्याच्या हातांत प्रेम आहे कीं हिशेबाची वही आहे, एवढें पाहून मगच तिच्यावर पाऊल ठेवावें.